सत्तर अक्षरांचा आधार : नवमाता, स्तनपान आणि भ्रमणध्वनीवरील संदेश



बाजाराचा एक साधा नियम आहे. ज्या मालाला विक्रेता असतो, त्या मालाची जाहिरात होते. मातेच्या दुधाला विक्रेता नाही. त्याला कारखाना नाही, गोदाम नाही, अडत नाही, दलाली नाही. म्हणून त्याचे गुण घरोघर सांगत फिरणारा प्रतिनिधीही नाही. डबाबंद दुधाच्या भुकटीला मात्र हे सर्व आहे. या विषम स्पर्धेत नवमातेच्या बाजूने कोणी बोलायचे आणि ते बोल तिला गरज असेल त्याच घटकेला तिच्यापर्यंत कसे पोहोचवायचे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्याचे एक उत्तर भ्रमणध्वनीवरील छोट्या संदेशात सापडते. मात्र ते उत्तर अर्धे आहे, आणि उरलेले अर्धे माणसांनीच द्यावयाचे आहे.

१९९२ हे वर्ष या विषयाच्या दृष्टीने योगायोगाचे ठरले. त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जागतिक स्तनपान सप्ताह प्रथमच पाळण्यात आला. त्याच वर्षी भारताच्या संसदेने मातेच्या दुधाचे पर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि शिशुअन्न यांच्या विक्रीप्रसारावर निर्बंध घालणारा कायदा केला. २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला आणि दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी असलेल्या अशा मालाच्या जाहिरातीला बंदी आली. आणि १९९२ सालीच, ३ डिसेंबर रोजी, इंग्लंडमधील नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून एका भ्रमणध्वनीवर नाताळच्या शुभेच्छा पाठविल्या. तो जगातील पहिला लघुसंदेश होय. मातेचे रक्षण करणारा कायदा आणि मातेपर्यंत पोहोचणारे साधन यांचा जन्म असा एकाच वर्षी झाला. पण दोहोंची गाठ पडण्यास जवळजवळ दोन दशके जावी लागली.

सल्ला सोपा, पालन कठीण

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तीन वाक्यांत सांगता येतो. जन्मानंतर पहिल्या तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. पहिले सहा महिने मातेच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये. सहा महिने पूर्ण होताच घरचे मऊ अन्न सुरू करून दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही स्तनपान चालू ठेवावे.

सल्ला इतका सोपा असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे विचार करावयास लावतात. २०१९-२१ च्या पाहणीनुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत किंवा आरोग्यकेंद्रांत झाल्या. परंतु पहिल्या तासात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण ४१.८ टक्केच होते. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत ते ४१.६ टक्के होते. म्हणजे बाळंतीण रुग्णालयात पोहोचली, पण तो एक तास हाती आला नाही. केवळ मातेच्या दुधावर असलेल्या सहा महिन्यांखालील बालकांचे प्रमाण मात्र ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांवर गेले. प्रगती आहे, तरीही शंभरातील छत्तीस बालकांच्या तोंडी काही ना काही वरचे जातेच.

याचे कारण मातेची माया कमी पडते हे नव्हे. कारण असे की, अडचण येते ती रुग्णालयातून घरी गेल्यावर, बहुधा रात्री, आणि त्या वेळी जाणते माणूस जवळ नसते. दिवस जातात तशी अडचण आपले रूप बदलते. पहिल्या दिवशी चिकाचे पिवळसर, घट्ट दूध पाहून घरातील एखादी वडीलधारी ते टाकून द्यावयास सांगते आणि मधाचे बोट चाटविते. वस्तुतः तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस. नवजात बाळाचे पोट फार लहान असते. त्याला दोन-चार चमचे चीक पुरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा भरून येतो, छाती दाटते, ताप आल्यासारखे वाटते आणि बाळाला नीट धरता येत नाही. पहिल्या आठवड्यात स्तनाग्रांना चिरा पडतात. दुखण्याने डोळ्यांत पाणी येते. बहुतेक वेळा बाळ केवळ स्तनाग्र ओढत असते. त्याभोवतीचा काळा भागही त्याच्या तोंडात गेला, की दुखणे कमी होऊ लागते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ सायंकाळी एकसारखे रडते आणि घरात निर्णय होतो : हिचे दूध पुरत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उन्हाळा असेल तर पाणी, नसेल तर वरणाचे पाणी सुरू होते.

यांपैकी 'दूध पुरत नाही' ही शंका सर्वांत घातक. पहिला डबा बहुधा याच शंकेपोटी घरात येतो. डबा आला की बाळ अंगावर कमी पिते. कमी प्याले की दूध कमी तयार होते. आणि जी भीती खोटी होती ती खरी ठरते. बाळ जितके ओढील तितके दूध येते, हा निसर्गाचा हिशेब आहे. त्याची पडताळणी घरच्या घरी होऊ शकते. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवस-रात्र मिळून सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओले करीत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर त्याला दूध पुरते आहे. एवढे एक वाक्य योग्य रात्री कानी पडले, तर एक डबा घरात यावयाचा टळतो.

भेटींमधील अंतर

घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा धडा महाराष्ट्रानेच देशाला दिला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातील स्त्रियांना शिक्षण देऊन बालमृत्यू कमी करता येतात हे दाखविले आणि १९९९ साली त्याचे निष्कर्ष जगापुढे आले. २०११ पासून ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावे असा नियम आहे. २०१८ पासून तिसऱ्या महिन्यापासून पुढील भेटींचीही योजना झाली.

योजना उत्तम आहे. पण भेटी आणि भेटी यांमध्ये दिवस असतात. बेचाळिसावा दिवस आणि तिसरा महिना यांमध्ये तर आठवडेच्या आठवडे असतात. आपल्याकडील रीतीप्रमाणे पहिलटकरीण माहेरी असते. सव्वा महिना होतो, बाळ-बाळंतीण तीन महिन्यांनी सासरी जातात आणि गाव बदलते. ओळखीची आशाताई मागे राहते, माहेरची आई मागे राहते. सोबत जातो तो भ्रमणध्वनीचा क्रमांक. संदेशाचे महत्त्व येथे आहे. आशाताईची जागा तो घेऊ शकत नाही. दोन भेटींमधील रिकाम्या दिवसांत तो सोबत करतो.

सत्तर अक्षरे

व्यापारी मंडळींना तारेचा काळ आठवत असेल. तारेत शब्द मोजून पैसे पडत, म्हणून प्रत्येक शब्द पारखून घातला जाई. २०१३ साली तारसेवा बंद झाली; परंतु ती शिस्त लघुसंदेशाने पुढे चालविली. रोमन लिपीतील एका संदेशात १६० अक्षरे मावतात. देवनागरीत मात्र फक्त ७० मावतात आणि त्यातही प्रत्येक काना, वेलांटी, हलन्त, विरामचिन्ह व मोकळी जागा स्वतंत्र मोजली जाते. त्यापुढे गेले की दुसरा संदेश धरला जातो. उदाहरणार्थ, असा संदेश पाहावा :

"बाळाला पहिल्या तासात छातीशी घ्या. चीक हेच पहिले अन्न. मध, पाणी नको."

हा ६७ चिन्हांत बसतो. त्यात उपदेश नाही, धाक नाही, अवघड शब्द नाही. आज काय करावे एवढेच आहे. संदेशाचे दुसरे तत्त्व वेळेचे. प्रसूतीची तारीख नोंदविली, की चौथ्या दिवशी छाती दाटण्याविषयी, विसाव्या दिवशी रडण्याविषयी आणि सहा महिने भरत आल्यावर पहिल्या घासाविषयी संदेश आपोआप जाऊ शकतो. हजार मातांना एकच संदेश एकाच दिवशी धाडणे ही जाहिरात झाली. प्रत्येकीला तिच्या बाळाच्या वयाप्रमाणे धाडणे ही सेवा झाली.

अमेरिकेत २०१० साली गर्भवती व नवमातांसाठी अशी मोफत संदेशसेवा सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेच्या शासनाने ऑगस्ट २०१४ मध्ये 'मॉमकनेक्ट' ही योजना देशभर सुरू केली. तिचे वैशिष्ट्य असे की, मातेला संदेश येतात, त्याचप्रमाणे तिला प्रश्नही विचारता येतात आणि दवाखान्यातील वागणुकीविषयी तक्रार किंवा कौतुकही कळविता येते.

फोन कोणाच्या खिशात?

भारतात मात्र दोन अडथळे आहेत. पहिला वाचनाचा. अनेक मातांना वाचता येत नाही आणि साध्या फोनवर देवनागरी नेहमी उमटतेच असे नाही. म्हणून येथील मोठ्या योजनांनी अक्षराऐवजी आवाज निवडला. केंद्र शासनाची 'किलकारी' ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत ध्वनिमुद्रित आवाजात ७२ संदेश येतात. महाराष्ट्रासाठी ही सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. त्याआधी, २०१४ पासून, डॉ. अपर्णा हेगडे यांनी स्थापन केलेल्या 'अरमान' या संस्थेने मुंबईत 'एममित्र' ही अशीच सेवा चालविली. तीत दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. संदेश कोणत्या वेळी यावा हे स्त्री स्वतः ठरविते. कारण फोन केव्हा हाती असेल हे तिलाच ठाऊक असते. आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात संदेश रोज येतो. कारण डगमगण्याचे दिवस तेच असतात.

दुसरा अडथळा याहून अवघड आहे. २०१९-२१ च्या पाहणीत, स्वतः वापरता येईल असा भ्रमणध्वनी जवळ असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ५४ टक्के होते. म्हणजे जवळजवळ निम्म्या स्त्रियांच्या बाबतीत नोंदविला जाणारा क्रमांक पतीचा, दिराचा किंवा सासऱ्यांचा असतो. ती माहेरी असते आणि संदेश दुसऱ्या गावी, दुकानात बसलेल्या पतीच्या खिशात वाजतो. तो पाहतो, पुसून टाकतो आणि गिऱ्हाइकाकडे वळतो. या ठिकाणी यंत्राचा दोष नाही. तो संदेश आपलाही आहे, हे त्या पुरुषाला कोणी सांगितलेलेच नसते. त्यामुळे संदेश केवळ मातेला उद्देशून न लिहिता पती आणि सासूबाई यांनाही उद्देशून लिहिले पाहिजेत. 'आज बाळंतिणीला दोन तास झोपू द्या' हा संदेश पतीसाठीच योग्य आहे.

दोन अनुभव, एक धडा

असे संदेश खरोखर उपयोगी पडतात काय? या प्रश्नाला दोन प्रांतांनी दोन उत्तरे दिली आहेत.

नागपूर येथे लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. अर्चना पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक हजार गर्भवतींचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला नेहमीची रुग्णालयीन सेवा मिळाली. दुसऱ्या गटाला तिच्याजोडीला रोज लघुसंदेश मिळाले आणि आठवड्यातून एकदा समुपदेशिकेने स्वतः फोन करून विचारपूस केली. सहा महिन्यांच्या सुमारास, केवळ मातेच्या दुधावर असलेल्या बालकांचे प्रमाण दुसऱ्या गटात जवळजवळ दुप्पट आढळले. मात्र जन्मतःच मध, गुटी यांसारखे काही चाटविण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. कारण उघड आहे. त्या वेळी बाळ दुसऱ्यांच्या हातात असते आणि फोन मातेच्या उशाशी असतो.

मध्य प्रदेशात 'किलकारी'ची पारख सुमारे पाच हजार स्त्रियांमध्ये झाली. तिचे निष्कर्ष २०२२ साली आले. कुटुंबनियोजनाच्या तात्पुरत्या साधनांचा वापर काही प्रमाणात वाढला. परंतु केवळ स्तनपानाच्या प्रमाणात एकंदर फरक दिसला नाही. तेथील संदेश एकतर्फी होते. मातेने ऐकावयाचे होते. तिला विचारावयाचे असेल तर पलीकडे कोणी नव्हते.

दोन्ही अभ्यासांची ठिकाणे, माणसे आणि पद्धती वेगळ्या होत्या. त्यामुळे त्यांची तंतोतंत तुलना करणे योग्य नाही. तरी एक गोष्ट ठळक आहे. नागपुरात संदेशामागे माणूस होता. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनीही हाच धागा धरला होता. तेथे मातेला आठवड्यातून एक संदेश जाई : कसे चालले आहे? तिने ठरावीक शब्दांत उत्तर द्यावयाचे. उत्तर काळजीचे आले, की स्तनपान संघटनेची समुपदेशिका तिला आपण होऊन फोन करी.

पेढीवर हुंडी चालत असे, ती कागदाच्या बळावर नव्हे. दुसऱ्या गावी ती वटविणारी पेढी आहे, या विश्वासावर ती चाले. भ्रमणध्वनीवरील संदेशही हुंडीच आहे. 'अडचण आल्यास कळवा' असे लिहिणे सोपे असते. रात्री मातेने कळविल्यावर सकाळी कोणी फोन केलाच नाही, तर ती हुंडी परत गेली, आणि पुढील संदेश ती उघडणारसुद्धा नाही.

उलट बाजूचा संदेश

त्याच फोनवर दुसरेही कोणी बोलत असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात शिशुदुग्ध उत्पादकांच्या नव्या विक्रीतंत्राचे वर्णन आहे : मातांची मंडळे, सल्ला देणाऱ्या दूरध्वनीसेवा, बक्षिसे, समाजमाध्यमांवरील मजकूर आणि खरेदी केलेली वैयक्तिक माहिती. म्हणून मातेचा क्रमांक आणि प्रसूतीची तारीख ही ठेव समजली पाहिजे. चांगल्या हेतूने गोळा केलेली यादी भलत्या हाती गेली, तर डबा विकणाऱ्याला याहून उत्तम ग्राहकयादी ती कोणती?

येथे आणखी एक भान आवश्यक आहे. काही मातांना आजारपणामुळे, औषधांमुळे किंवा अन्य वैद्यकीय कारणांमुळे स्तनपान करविता येत नाही. संदेशाने त्यांना अपराधी ठरवू नये. त्याचप्रमाणे बाळ मलूल पडले, लघवी कमी झाली, किंवा मातेला ताप येऊन छाती लाल झाली, तर संदेशाचे एकच सांगणे असावे : आजच डॉक्टरांकडे जा.

करण्याजोगे

जे धर्मादाय न्यास प्रसूतिगृहे आणि दवाखाने चालवितात, त्यांना हे काम मोठ्या भांडवलाशिवाय करता येईल. घरी जाताना मातेच्या संमतीने दोन क्रमांक लिहून घ्यावेत : एक तिच्या हाताशी असणारा आणि एक पतीचा. माहेर-सासरचे गावही नोंदवावे. पंचवीस-तीस संदेश बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घेऊन, घरात बोलल्या जाणाऱ्या मराठी, हिंदी, गुजराती वा मारवाडीत तयार ठेवावेत. जिला वाचता येत नाही तिला आवाजात पाठवावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक प्रशिक्षित परिचारिका अशी नेमावी, जी उत्तर आलेल्या प्रत्येक मातेला त्याच दिवशी फोन करील. पैसा खर्च करावयाचा तो संदेशावर नव्हे, या एका स्त्रीच्या पगारावर.

व्यापारी बंधूंचेही यात कर्तव्य आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन प्रसूतिरजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. पण दहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानापर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे मालकाची नीतिमत्ता हाच कायदा. दिवसभर साड्यांच्या घड्या उलगडणाऱ्या स्त्रीला तान्हे बाळ असेल, तर दुकानामागील एक आडोसा, दोन वेळा वीस मिनिटे आणि काढलेले दूध झाकून थंड ठेवण्याची सोय एवढ्याने तिचे स्तनपान टिकते. स्वच्छ भांड्यात काढलेले दूध साध्या तापमानात सुमारे चार तास चांगले राहते आणि घरचे माणूस ते वाटी-चमच्याने बाळाला पाजू शकते. 'काम करीत असलात तरी दूध पाजत राहा' असा संदेश तिच्या फोनवर यावा आणि मालकाने तिला वीस मिनिटेही देऊ नयेत, तर त्या संदेशाची किंमत शून्य.

घरातील पुरुषांसाठी याहून सोपे काम आहे. खिशातील फोनवर बाळंतिणीसाठी संदेश आला, तर तो पुसू नये. तिला फोन लावून वाचून दाखवावा आणि शेवटी विचारावे, "बाळ नीट पितंय ना? तुझं जेवण झालं का?"

सत्तर अक्षरांत न मावणारे ते त्यानंतरच्या उत्तरात असते. ते ऐकून घेण्यास कोणीतरी हवे.